शोकांतिकेबाहेरचे म्हातारपण

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्यापैकी एक जण पदवीच्या वर्गाला 'नटसम्राट' शिकवीत होता. शेवटचा अंक चालू होता. हा सहकारी नाटक उत्तम वाचतो. अप्पासाहेब बेलवलकरांच्या तोंडची भाषा उच्चारताना तो स्वतःही थोडा बेलवलकर होतो. वर्ग स्तब्ध होता. एरवी मोबाइलमध्ये डोके घालून बसणाऱ्या मागच्या बाकांवरच्या मुलांनीही माना वर केल्या होत्या. दोन मुली डोळे पुसत होत्या. तास संपल्याची घंटा झाली तरी लगेच कोणी उठले नाही. शिक्षकाच्या आयुष्यात असे तास थोडेच येतात.

त्याच संध्याकाळी तो घरी पोचला. आई खुर्चीत बसून मेथी निवडत होती. तिने विचारले, "उद्या सुट्टी आहे का रे तुला?" हा स्वयंपाकघरात पाठमोरा उभा राहून पाणी पीत होता, तिथूनच त्याने उत्तर दिले. "काय म्हणालास?" आईने विचारले. त्याने पुन्हा सांगितले. तिने तिसऱ्यांदा विचारल्यावर तो ओरडला, "आई, किती वेळा सांगायचं? नाहीये सुट्टी!" आई "बरं" म्हणाली आणि मान खाली घालून पुन्हा मेथी निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी विभागात चहा घेताना त्याने हे सांगितले. "बेलवलकरांसाठी माझा आवाज दाटून आला आणि आईसाठी चढला," तो म्हणाला, "मध्ये फक्त चार तास गेले होते." त्यावर बराच वेळ कोणी काही बोलले नाही, कारण आपापल्या घरातली अशी एकेक संध्याकाळ प्रत्येकाला आठवत असावी. हे टिपण त्या चहातून निघाले. आम्ही चौघे आहोत. चाळिशी ओलांडलेले, पन्नाशीला न पोचलेले. मराठी घेऊन एम.ए. झालेले आणि गेली पंधरा-वीस वर्षे ती शिकवणारे. आमचे म्हणणे असे, की मराठी साहित्याने, आणि त्याहूनही अधिक मराठीच्या वर्गाने, म्हातारपण ही एक शोकांतिका म्हणून इतके पक्के शिकवले आहे, की रोज घरात घडणारे म्हातारे होणे आपल्याला दिसेनासे झाले आहे. दुसऱ्यांचे तर नाहीच, स्वतःचेही नाही.

१९७० साली रंगभूमीवर आलेल्या 'नटसम्राट'चे मोठेपण आम्ही नाकारीत नाही. ते नाकारणे हास्यास्पद ठरेल. शिरवाडकरांनी 'किंग लिअर'ची प्रेरणा घेऊन एका मराठी नटाची वेदना उभी केली, आणि वि. वा. शिरवाडकर व डॉ. श्रीराम लागू ही नावे त्या नाटकाशी कायमची जोडली गेली. २०१६ साली त्यावर निघालेल्या चित्रपटालाही गर्दी लोटली. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'तले, मुलांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले नाना-नानी आजही प्रेक्षकाला अस्वस्थ करतात. आमचा प्रश्न या कलाकृतींबद्दल नाही. त्या पाहून, वाचून, शिकवून आपण वार्धक्याचा जो एकच साचा मनात घडवून घेतला आहे, त्याबद्दल आहे.

तो साचा असा : एक कर्तबगार माणूस असतो. तो आपले सर्व मुलांना देऊन टाकतो. मुले कृतघ्न निघतात. घर परके होते. शेवट एकाकी होतो. या साच्यात एक वादी असतो, काही प्रतिवादी असतात, आणि प्रेक्षक न्यायाधीशाच्या आसनावर बसलेला असतो. हे आसन फार सोयीचे असते. बेलवलकरांच्या मुलामुलीचा निषेध करताना आपण त्यांच्यासारखे नाही, याची आपल्याला आपोआप खात्री पटते. आपण आईवडिलांना घराबाहेर काढलेले नसते, त्यांच्यावर चोरीचा आळ घेतलेला नसतो, त्यांना वृद्धाश्रमात ठेवलेले नसते. म्हणून आपण निर्दोष असतो. शोकांतिका भावनांचे विरेचन करते, असे आम्ही ॲरिस्टॉटलच्या नावावर दर वर्षी शिकवतो. हे विरेचन कधी कधी निर्दोषत्वाचा दाखलाही देऊन टाकते, हे मात्र शिकवत नाही.

प्रत्यक्षात लिअरसारखे एका प्रवेशात कोणीच राज्य वाटून टाकत नाही. ते रोज थोडे थोडे हातातून सुटत असते. आमच्यापैकी एकीच्या वडिलांनी एके दिवशी स्कूटरची किल्ली खिळ्याला अडकवली आणि पुन्हा काढली नाही. कोणी मनाई केली नव्हती; चौकात वळताना मान पुरती मागे वळत नाही, हे त्यांचे त्यांनाच कळले होते. घरात या घटनेची नोंद झाली ती फक्त स्कूटरवर धूळ बसू लागली तेव्हा. दुसऱ्या घरात आजींनी दिवाळीच्या चकल्या करणे सोडले, कारण सोऱ्या फिरवताना मनगट दुखू लागले. सून म्हणाली, "विकत मिळतात की चांगल्या." तिचे बोलणे सद्भावनेचेच होते. पण त्या एका वाक्याने चाळीस वर्षांचे एक खाते बंद झाले. अशा प्रसंगांत खलनायक नसतो, म्हणून त्यांचे नाटक होत नाही. आणि नाटक होत नाही म्हणून आपल्याला ते प्रसंगही वाटत नाहीत.

दुसऱ्यांचे सोडून स्वतःकडे वळतो. मराठीत जवळचे वाचण्याच्या चष्म्याला 'चाळशी' म्हणतात. चाळिसाव्या वर्षावरून त्या वस्तूचे नावच पडावे, ही आमच्या मते भाषेने केलेली फार नेमकी नोंद आहे. वयाबरोबर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते, जवळच्या वस्तूवर दृष्टी स्थिरावेनाशी होते आणि हातातले पुस्तक हळूहळू लांब जाऊ लागते. हे प्रत्येकाला होते. तो आजार नव्हे. तरीही आम्ही चौघांनीही चाळशी लावायला दीड-दोन वर्षे टाळाटाळ केली. कोणी छपाईला दोष दिला, कोणी वर्गातल्या ट्यूबलाइटला. एकाने तर हजेरीपट पूर्ण हात लांब करून वाचताना मुलांचे हसू ऐकले आणि मग चष्म्याच्या दुकानाची पायरी चढली. इतरांच्या म्हातारपणावर व्याख्याने देणारे आम्ही, आमचे वय अंगावर येऊन उभे राहिले तेव्हा ते ओळखू शकलो नाही. आम्ही ज्या वेषात त्याची वाट पाहत होतो, त्या वेषात ते आलेच नव्हते.

कानांची गोष्ट तर मराठीच्या शिक्षकांनी मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. वयाबरोबर ऐकू येणे कमी होते ते सरसकट नाही. आधी उंच पट्टीचे, बारीक ध्वनी जातात. म्हणजे स, श, फ, त यांसारखी व्यंजने अंधुक होतात आणि स्वर बराच काळ शाबूत राहतात. म्हाताऱ्या माणसाला आपण बोललो हे ऐकू येते. काय बोललो ते कळत नाही. आवाज चढवला की स्वर आणखी मोठे होतात, व्यंजने मात्र होती तिथेच राहतात. त्यातून ओरडण्यामागचा राग तेवढा स्पष्ट पोचतो. उपाय अगदी साधा आहे : समोर यावे, चेहरा दिसेल असे बसावे, शब्द सुटे करून सावकाश बोलावे, मागे दूरदर्शन संच चालू असेल तर तो बंद करावा. स्वर आणि व्यंजने यांचा फरक आम्ही दर वर्षी फळ्यावर लिहून दाखवतो. 'काय म्हणालास?' या प्रश्नामागे तोच फरक आहे, हे आमच्या त्या सहकाऱ्याला सत्तेचाळिसाव्या वर्षी, कानांच्या डॉक्टरांनी सांगितले तेव्हा कळले. आईचे तिसऱ्यांदा विचारणे विसराळूपणातून आले नव्हते, हट्टातून तर नाहीच. पाठ फिरवून दिलेल्या उत्तरातून ती व्यंजने वेचू पाहत होती.

या दृष्टीने पुन्हा वाचू लागल्यावर परिचित कलाकृतीही वेगळ्या दिसू लागल्या. महेश एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' (१९८५) आम्ही कित्येक वर्षे ढासळत्या सरंजामी घराचे नाटक म्हणून शिकवले. अंगणातला गंजलेला ट्रॅक्टर, दागिने, भावाभावांतले ताण, तेराव्याचा खर्च यांवर विद्यार्थ्यांची टिपणे पानेच्या पाने भरत. त्या घरातली सर्वांत वयोवृद्ध दादी सारखी किती वाजले ते विचारत राहते. वर्गात नाटक वाचताना मुले तिथे हसत, आणि आम्हीही हसू देत असू. ताणातला विसावा, असे काहीसे स्पष्टीकरणही देत असू. आता वाटते, त्या वाड्यात सारेच जण गेलेल्या काळाबद्दल बोलतात. चालू वेळ काय झाली याची चौकशी करणारी ती एकटीच आहे. दृष्टी गेली, ऐकणे गेले, घरातली सूत्रे गेली, तरी दिवसाशी असलेला धागा तिने सोडलेला नाही. हा अर्थ एलकुंचवारांना अभिप्रेत होता की नाही, याचा वाद आम्ही घालणार नाही. पण या वर्षी तिथे हसू आले तेव्हा आम्ही थांबलो आणि विचारले, "तुमच्या घरी असे कोण विचारते?" अर्ध्याहून अधिक हात वर झाले.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांनी साठी केव्हाच ओलांडली होती. आपण ते पुस्तक धर्मांतराची कहाणी, सहजीवनाची कहाणी, स्त्रीच्या आत्मभानाची कहाणी म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण ते एका म्हाताऱ्या बाईने लिहिलेले पुस्तक आहे, हे आपण कधी सांगतो का? स्वतःच्या फजितीवर इतक्या मोकळेपणाने हसणे, ज्यांनी छळले त्यांच्याबद्दलही कडवटपणा न ठेवता लिहिणे, ही विशी-तिशीतल्या लेखणीची कामे नव्हेत. वय काय काढून घेते याची यादी आपल्यापाशी तयार असते. ते काय देते हे पाहायचे तर अशी पुस्तके त्या अंगानेही वाचायला हवीत.

इथवर आमचे एकमत होते. पुढच्या चहाला आमच्यातल्याच एकाने आक्षेप घेतला, आणि तो आम्ही जसाच्या तसा मांडतो. तो म्हणाला, "तुम्ही म्हातारपण गोड करून टाकताय. शोकांतिका खोटी आहे का? खोटी असती तर २००७ साली आईवडिलांच्या चरितार्थासाठी कायदा करावा लागला असता का?" हा सहकारी आजही तासिका तत्त्वावर शिकवतो. सेट झालेला, पीएच.डी. झालेला, वय चव्वेचाळीस. दर जूनमध्ये नव्याने मुलाखत द्यायची, झालेल्या तासांचे मानधन महिनोन्महिने वाट पाहून घ्यायचे आणि उन्हाळ्याचे महिने बिनपगारी काढायचे, हा त्याचा नेम आहे. बाकीच्या तिघांची स्थिती त्याच्याहून बरी असली, तरी आमच्या नेमणुका १ नोव्हेंबर २००५ नंतरच्या, म्हणजे जुनी पेन्शन आम्हाला लागू झालीच नाही. मार्च २०२३ च्या संपात आम्हीही घोषणा दिल्या, त्या तरुणपणाच्या जोमात नव्हे. साठीनंतरचा हिशेब आम्हाला आता दिसू लागला आहे. "माझी शोकांतिका आत्ताच लिहिली जाते आहे," तो म्हणाला, "आणि तिच्यात कृतघ्न मुलगा वगैरे कोणी नाही. फक्त एक रिक्त जागा आहे, जी कोणी भरत नाही."

त्याचा आक्षेप आम्ही मान्य केला. मात्र त्याच्या शेवटच्या वाक्याने आमचाच मुद्दा पुढे गेला, असेही आम्हाला वाटते. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांची संख्या देशात दहा कोटींहून अधिक होती. इतक्या माणसांचे म्हातारपण केवळ मुलांच्या कृतज्ञतेवर वा कृतघ्नतेवर तोलून कळणार नाही. ते ठरते निवृत्तिवेतनावर, दवाखान्याच्या अंतरावर, एसटीच्या पायरीवर. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ साली राज्यात एसटीचे तिकीट माफ झाले. अनेकांना त्याचा खरोखर आधार झाला. पायरी मात्र तेवढीच उंच राहिली.

आणि दर नोव्हेंबरचा तो हयातीचा दाखला! निवृत्तिवेतन चालू राहावे म्हणून आपण जिवंत आहोत, हे दर वर्षी सिद्ध करावे लागते. २०१४ पासून हे काम अंगठ्याच्या ठशावर होऊ लागले, पुढे चेहऱ्यावरूनही ओळख पटवण्याची सोय झाली. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या, माती उकरलेल्या बोटांवरच्या रेषा वयाबरोबर झिजतात. आमच्यापैकी एकीच्या सासूबाई बँकेत गेल्या तेव्हा यंत्राने त्यांचा अंगठा पाच वेळा नाकारला. सहाव्या वेळी त्या समोरच्या तरुणाला म्हणाल्या, "अहो, मी इथंच उभी आहे की तुमच्यासमोर." रांगेतले सगळे हसले, त्याही हसल्या. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. म्हणूनच हा प्रसंग आम्हाला कोणत्याही नाट्यप्रवेशाइतकाच बोलका वाटतो.

या सहकारी बाईंनीच चर्चेला आणखी एक वळण दिले. त्या म्हणाल्या, "म्हातारपणाच्या नाटकांतल्या सुनेला संवाद भरपूर असतात, कामे नसतात." त्यांचा रोख आम्हा तिघा पुरुषांकडेही होता. सासूबाईंची नखे कापणे, गोळ्यांचे डबे वारांप्रमाणे भरणे, रात्री उठून न्हाणीघराचा दिवा लावणे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तारखेवार ठेवणे ही कामे बहुतेक घरांत सून करते, नाहीतर पगारावर येणारी एखादी बाई करते. शोकांतिकेला कोणीतरी दोषी हवे असते आणि ती जागा परंपरेने सुनेला मिळालेली आहे. रोजचे म्हातारपण वाचायला घेतले, की तीच व्यक्ती एकदम वेगळी दिसते : सर्वांत जास्त काम करणारी आणि सर्वांत कमी लिहिली गेलेली. हे आम्हा पुरुषांना स्वतःहून सुचले नाही, हे इथे कबूल करतो.

मग आम्ही एक छोटा प्रयोग केला. प्रकल्पासाठी दर वर्षी 'साहित्यातील वृद्धांचे चित्रण' असा विषय असतो आणि त्यावर दर वर्षी तेच निबंध येतात. तीच अवतरणे, तोच समारोप. या वर्षी विद्यार्थ्यांना सांगितले, की घरातल्या वा शेजारच्या एका म्हाताऱ्या माणसाचा एक तास पाहा आणि जसा आहे तसा लिहा. 'एकाकी', 'हतबल', 'वटवृक्ष' हे शब्द वापरायचे नाहीत. पहिल्या आठवड्यात मुले गोंधळली. "सर, पण काहीच घडत नाही," अशी तक्रार आली. आम्ही म्हटले, काहीच घडत नाही ते लिहा.

जे कागद आले त्यांत शुद्धलेखनाच्या चुका नेहमीइतक्याच होत्या, पण प्रत्येक कागद निराळा होता. एका मुलाने लिहिले, की आजीला सुई ओवता येत नाही, म्हणून तो दर रविवारी दहा सुया ओवून एका फडक्याला टोचून ठेवतो आणि आठवडाभर त्या तिला गोधडीसाठी पुरतात. शनिवारी किती उरल्या यावरून तिचा आठवडा कसा गेला ते त्याला कळते. एका मुलीचे आजोबा रोज सकाळी वर्तमानपत्रातली निधनवार्तांची जागा आधी वाचतात. भीतीने असेल, असे तिला वाटायचे. त्या तासाभरात तिने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ओळखीचं कोणी असेल तर भेटायला जायला हवं ना." तिसऱ्या कागदावर फक्त एक जिना होता : चौदा पायऱ्या, तीन थांबे आणि प्रत्येक थांब्यावर शेजाऱ्यांशी मुद्दाम काढलेला एक विषय, म्हणजे दम लागल्याचे कोणाला कळू नये. हे कागद वाचताना आमचे आवाज दाटून आले नाहीत. मात्र त्या संध्याकाळी आम्ही चौघेही जरा लवकर घरी गेलो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे, की मराठीच्या वर्गात शोकांतिका जरूर राहावी, पण वार्धक्याचा सगळा मक्ता तिच्याकडे राहू नये. एकसष्टी, अमृतमहोत्सव, सहस्रचंद्रदर्शन असे टप्पे आपण समारंभाने साजरे करतो, आणि विपदा रंगमंचावर पाहतो. समारंभ आणि विपदा यांच्या मधले जे हजारो साधे दिवस असतात, त्यांच्यासाठी आपल्याजवळ शब्द थोडे आहेत. ते शोधणे हे साहित्याच्या विद्यार्थ्याचे आणि शिक्षकाचे काम आहे. चाळिशीतल्या माणसाला तर ते अधिकच जवळचे, कारण त्याला दोन्हीकडचे दिसते : समोर आईवडील असतात आणि हातात चाळशी.

ज्याच्यापासून हे सारे सुरू झाले त्या आमच्या सहकाऱ्याचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. तो अजूनही अधूनमधून चिडतो. माणूस एका टिपणाने बदलत नाही. पण आता तो आईसमोर खुर्ची ओढून बसतो आणि सावकाश बोलतो. पहिल्या दिवशी त्याने असे केले तेव्हा आईने त्याच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "आज एवढा गोड बोलतोयस? काय हवंय?"